वकिलाच्या मळ्यातलं घर

सुरगाणा,
७ फेब्रुवारी १९९९

चि. मोतीरामास विमलताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. शेवंतीला यंदा बरा भाव मिळाला हे वाचून आनंद झाला. नवसाच्या गुडघ्याचं मात्र तू दोन शब्दांत उरकलंस. तिला म्हणावं, भाजीच्या पाट्या उचलायला घरात नवरा आणि मुलगी अशी दोन धडधाकट माणसं आहेत, त्यांना आता कामाला लाव. तेजलची परीक्षा जवळ आली असेल. ती अभ्यास करते की नुसती पुस्तकं उघडून बसते, हे तिच्याच हातचं पत्र आलं तर कळेल.

इकडे सगळं ठीक. मे अखेर माझी नोकरी संपते. शाळेतले लोक आत्तापासूनच माझ्याशी फार गोड बोलायला लागले आहेत, तेव्हा खरंच जायची वेळ आली असावी. क्वार्टरही लगेच रिकामं करून द्यावं लागेल.

आता मुद्द्याचं. उभा असशील तर बस. मी एक घर घ्यायचं म्हणते आहे.

दिंडोरी सोडून वणीकडे निघालं की डाव्या हाताला वकिलाचा मळा लागतो. नाशिकच्या कुणा वकिलांनी पन्नासएक वर्षांपूर्वी सुट्टीत राहायला म्हणून तिथे कौलारू घर बांधलं. ते गेले, मग त्यांच्या बाई गेल्या. मुलं तिघं, तीन गावांना, आणि एकाचं दुसऱ्याला पटत नाही. मळ्याची जमीन तुकड्यातुकड्यांनी द्राक्षवाल्यांनी घेतली. राहिलं ते घर आणि भोवतीची थोडी मोकळी जागा. परवाच्या पेपरात जाहिरात आली आहे की २१ मार्चला, रविवारी, जागेवरच जाहीर लिलाव होणार. एस.टी.च्या खिडकीतून मी ते घर बत्तीस वर्षं बघते आहे. गाडीत कितीही गर्दी असो, तेवढ्यापुरती मान वाकडी करून बघतेच. कंडक्टरला वाटतं बाईंना गाडी लागते.

त्याच दिवशी चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा आहे आणि केंद्र माझ्याकडे आहे, त्यामुळे मला हलता येणार नाही. माझ्या वतीने बोली तुला लावायची आहे. लिलाव तुला काय नवे? मार्केट यार्डात तुझं आयुष्य गेलं.

उत्तर लगेच पाठव. माझ्यावर तुझी माया आहेच, ती हे पत्र वाचून झाल्यावरही टिकावी.

तुझी,
विमलताई


मखमलाबाद,
१६ फेब्रुवारी १९९९

तीर्थरूप ताईस मोतीरामचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझ्या सांगण्याप्रमाणे बसून पत्र वाचलं आणि वाचून उभा राहिलो.

ताई, तुला झालंय काय? घराच्या गच्चीवर तुझ्यासाठी खोली बांधायची म्हणून मी विटा आणून टाकल्यात. गवंडी ठरवला. पूर्वेला खिडकी, जिन्याला कठडा, आणि तुला रात्री खाली उतरायला नको म्हणून वरच न्हाणीघर. हे सगळं तू आलीस की दाखवायचं असं ठरवलं होतं, पण आता लिहून टाकतो, कारण न लिहिता तू ऐकणारी नाहीस.

वकिलाचा मळा मीही पाहिला आहे. तिथे घुबडाशिवाय शेजार नाही. रात्री दुखलं-खुपलं तर हाक कोणाला मारशील? द्राक्षांना? निवृत्त झालेला माणूस आपल्या माणसांत येतो. तू दाजींच्या मागे एकटीने नोकरी केलीस, डोंगरात दिवस काढलेस, त्याबद्दल मी गावभर अभिमानाने सांगतो. पण आता सख्खा भाऊ असताना बहीण रस्त्याच्या कडेला एकटी राहिली, तर लोक माझ्या तोंडावर काही बोलणार नाहीत, माझ्या मागे बोलतील.

मला वाटलं होतं नवसाबाई माझी बाजू घेईल. तिने पत्र वाचलं आणि म्हणाली की ताईंना हवं असेल तर घ्यावं. तेजल तर नाचायलाच लागली. घरात माझं मत कोणी विचारत नाही, हे तुला माहीत असेलच.

तू म्हणतेस म्हणून एकदा जाऊन बघून येईन, पुढचं वचन देत नाही. राग धरू नकोस, आणि धरलास तरी तो लोभाच्या खाली ठेव.

तुझा,
मोतीराम


सुरगाणा,
२५ फेब्रुवारी १९९९

चि. मोतीरामास अनेक आशीर्वाद.

खोलीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. पूर्वेची खिडकी तुला कशी सुचली? पण तरीही माझं म्हणणं ऐकून घे.

लग्न झालं तेव्हा मी सासऱ्यांच्या घरात गेले. तुझे दाजी वारल्यावर तुमच्याकडे राहिले. नोकरी लागली तशी कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या माडीवर, मग सरकारी क्वार्टरमध्ये. कोणीच वाईट वागवलं नाही. तुझ्याकडे तर नवसा मला ताटावरून उठू देत नाही. तेच तर माझं दुखणं आहे. सगळीकडे मला 'या, बसा' म्हणतात. उतारवयात तरी मला अशा दारात उभं राहायचं आहे, जिथे 'या, बसा' मी म्हणायचं. तुझी खोली कितीही चांगली झाली तरी ती तुझ्या घरातली खोली असेल. यात तुझा काही दोष नाही.

आणि तिथे मला एकटेपण वाटणार नाही. आमच्या सुरगाण्याची निम्मी माणसं दिवाळीच्या पुढेमागे दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. पोरंही बरोबर. त्यांची शाळा तिथेच बुडते, आणि मी इकडे रिकाम्या बाकांना शिकवते. पोरं जिथे जातात तिथे आपणही असावं, असं कितीदा मनात आलं.

माझ्या फंडातून काय निघेल ते सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं आहे. त्या आकड्याच्या पुढे जायचं नाही. त्यात मिळालं तर माझं, नाहीतर मी तुझ्या गच्चीवर मुकाट्याने येईन आणि पुन्हा त्या घराचं नाव काढणार नाही. अधिकारपत्रही सोबत आहे.

नवसाला म्हणावं, तिचा शब्द मी विसरणार नाही. तुझ्या रागाची मला सवय आहे, तुझ्या मायेचीही आहे. दोन्ही पाठवत राहा.

विमलताई


मखमलाबाद,
९ मार्च १९९९

ती. ताईस शि. सा. न.

काल जाऊन आलो. शेजारचा टेम्पो दिंडोरीला रिकामा चालला होता, त्यात मी आणि नवसाबाई. किल्ली शेजारच्या बागेत ठेवलेली होती.

मागच्या बाजूची कौलं गेली आहेत. स्वयंपाकघरात वटवाघळांची वस्ती. फरशी दोन ठिकाणी उचकटलेली, विहिरीचा रहाट मोडका. वीज आहे पण ती कधी असते हे वीज मंडळालाही सांगता येणार नाही. नवसाबाई मात्र पडवीत जी जाऊन बसली ती उठेना. तिथे वारा चांगला आहे म्हणाली. मी म्हटलं वारा आपल्याकडेही आहे. तर म्हणाली, आपल्याकडे बसायला वेळ नाही.

ताई, माझं मन अजून या घराला राजी नाही. तुझं पत्र मात्र खिशात घेऊन फिरतो आहे. तू इतक्या वर्षांत माझ्याकडे काही मागितलं नाहीस, आता मागितलंस ते असलं. तेव्हा बोली मी लावीन आणि मन लावून लावीन, यात कपट करणार नाही.

कसं करायचं ते ठरवून ठेवलं आहे. व्यापारी लोक काय करतात ते मला पाठ आहे. माल हातात घ्यायचा, नाक मुरडायचं, आतून किडका निघेल म्हणायचं, आणि निघून गेल्यासारखं करून परत यायचं. जन्मभर माझ्या वांग्यांना असंच केलं त्यांनी. आता माझी पाळी. त्या घराला मी अशी नावं ठेवीन की दुसरा कोणी तोंड उघडणार नाही. आणि तुझ्या आकड्यापुढे माझी जीभ एक शब्द जाणार नाही, याची खात्री बाळग.

तेजल सोबत येते म्हणते. हिशेबाला बरी पडेल.

तुझ्या आशीर्वादाची गरज मला नेहमीच असते, या खेपेला जरा जास्त.

मोतीराम


मखमलाबाद,
२२ मार्च १९९९

ती. ताईस शि. सा. न.

घर मिळालं. कागद आठ दिवसांत होतील, तुझी सही लागेल.

बोलीत एक बारीकशी गोष्ट झाली. ती भेटीत सांगेन. पत्रात लिहिण्यासारखी नाही. काळजीचं कारण नाही.

शिष्यवृत्तीची परीक्षा नीट पार पडली असेल. उन्हातून फिरू नकोस. आज इतकंच, लोभ मात्र नेहमीइतका असू दे.

मोतीराम


मखमलाबाद,
२४ मार्च १९९९

ती. आत्यास तेजलचा साष्टांग नमस्कार.

बाबांनी तुला पत्र लिहू नकोस म्हणून सांगितलं आहे, म्हणून लिहिते.

आम्ही सकाळी वेळेवर पोहोचलो. वकिलांच्या मुलांनी पाठवलेले एक कारकून टेबल टाकून बसले होते. बोली लावणारं खरं म्हणजे एकच माणूस होतं, चिमाजी म्हणून, पलीकडच्या बागेचे मालक. त्यांना द्राक्षांचे खोके आणि फवारणीची औषधं ठेवायला जागा हवी होती. बाकीची माणसं नुसती बघायला आलेली. बाबा माझ्या कानात म्हणाले की काम सोपं आहे.

मग चिमाजींनी सुरुवात केली. हातात काठी घेऊन ते घरभर फिरले. भिंतीला काठी मारली आणि म्हणाले, पोकळ. विहिरीत वाकून पाहिलं आणि म्हणाले, मचूळ पाणी. आत्या, हे सगळं बाबा करणार होते. आईने त्यांना दोनदा ढोसलं, की तुम्हीही काहीतरी वाईट बोला. बाबांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. एक शब्द फुटेना. तेवढ्यात चिमाजींनी छताकडे काठी करून सांगितलं की वासे साधे आहेत, वाळवी लागलेले, दोन वर्षांत खाली येतील.

बाबांचा चेहरा कसा झाला सांगू? मार्केटमध्ये व्यापारी आपलं वांगं मोडून बघतो आणि बाजूला फेकतो, तेव्हा होतो तसा. बाबा पुढे झाले आणि म्हणाले, "ओ भाऊ, सागाला नावं ठेवू नका. हा चाकू घ्या, खरवडून बघा." चिमाजी घेईनात, तर बाबा स्वतःच स्टुलावर चढले आणि वासा खरवडून सगळ्यांना दाखवला. मग खाली उतरून विहिरीवर गेले. रहाट मोडका, म्हणून कोणाकडून तरी दोर आणवला, पाणी काढलं आणि चिमाजींना ओंजळीने प्यायला लावलं. गोड आहे की नाही बोला म्हणाले. चिमाजींना गोड म्हणावं लागलं. मग पडवीची लांबी, उन्हाळ्यातला वारा, रस्त्यापासूनचं अंतर. कारकून पेन खाली ठेवून ऐकत होते. आई कपाळाला हात लावून बसली होती.

याचा परिणाम असा झाला की नुसतेच बघायला आलेले पुंजाराम नावाचे एक कांद्याचे व्यापारी पुढे सरकले आणि त्यांनी बोली लावली. त्यांना घर घ्यायचंच नव्हतं, आत्या. बाबांनी त्यांना घ्यायला लावलं. मग चिमाजी चढले, पुंजाराम चढले, बाबा चढले. चिमाजी गळाले. पुंजाराम तुझ्या आकड्याला येऊन थांबले. मी बाबांची बाही ओढली की आता बास, आत्याने इथपर्यंतच सांगितलं आहे. बाबांनी बाही सोडवून घेतली आणि पुढची बोली लावली. पुंजाराम हसून बाजूला झाले.

इथे तरी संपायला हवं होतं. कारकून म्हणाले, एक वार. मग म्हणाले, दोन वार. आणि बाबा त्यांच्या अंगावर ओरडले, "एवढ्यात? अहो, नुसते वासेच तेवढ्याचे हायेत!" आणि त्यांनी आणखी वरचा आकडा सांगितला.

कारकुनांनी विचारलं की शेवटची बोली तुमचीच आहे, मग तुम्ही कोणाच्या वर चढता आहात? बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की आज आपण विकायला नाही, घ्यायला आलो आहोत. माणसं इतकी हसली की पुंजाराम खाली बसले. पण उच्चारलेली बोली मागे घेता येत नाही, असं जाहिरातीतच छापलेलं होतं. तीन वार झाले.

वरची रक्कम बाबांनी तुझ्या खोलीसाठी ठेवलेल्या पैशांतून भरली. गवंड्याला नको म्हणून निरोप गेला आहे.

येताना एस.टी.त आई बाबांना सारखी चिडवत होती. मखमलाबाद जवळ आलं तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिथंच राहू दे तिला. घर चांगलं हाय." मला वाटतं, आत्या, इतक्या लोकांना ते घर पटवून देता देता त्यांचं त्यांनाच पटलं.

मी हे लिहिलं असं सांगू नकोस. सांगितलंस तरी चालेल. तुझ्या घरात माझा अभ्यासाचा कोपरा राखून ठेव आणि माया सगळी माझ्याकडे पाठव, बाबांना सध्या नको.

तुझी,
तेजल


सुरगाणा,
३० मार्च १९९९

चि. मोतीरामास अनेक आशीर्वाद.

तुझी बारीकशी गोष्ट मला कळली. कोणाकडून ते विचारू नकोस. पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतकी संतापले की तुला तार करणार होते. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा स्टाफरूममध्ये एकटीच हसत बसले, आणि शिपाई पाणी घेऊन आला. मोतीराम, अरे, पाणीसुद्धा पाजलंस त्याला?

पण आता हसू बाजूला ठेवून लिहिते. वरची रक्कम तू भरलीस, तीही माझ्या खोलीच्या पैशांतून. ती मला चालणार नाही. मला माझं घर हवं होतं, ज्यात कोणाचं काही लागत नाही. तुझे पैसे त्यात आले की मी पुन्हा कोणाच्यातरी घरात राहायला आले असं होईल. तू कधी बोलून दाखवणार नाहीस हे मला माहीत आहे. पण पावसात कौल फुटलं की मला वाटेल मोतीरामचं कौल फुटलं, आणि माझं हे बोचणं जायचं नाही.

माझ्याकडे आता तेवढी रक्कम नाही. पेन्शनमधून थोडी थोडी फेडीन. ते तुला मान्य नसेल तर खरेदीच्या कागदावर मी सही करणार नाही. पुंजारामांना विचार, त्यांना अजून घर हवं आहे का. मी विटा उचलायला तुझ्या गच्चीवर येते.

रागावून लिहीत नाही. मनाला फार लागलं आहे म्हणून स्पष्ट लिहिते. लोभ तुटणार नाही, एवढं धरून चाल.

विमलताई


मखमलाबाद,
५ एप्रिल १९९९

ती. ताईस शि. सा. न.

तेजलला मी काही बोललो नाही. तिची आई बोलली, की आणखी सविस्तर का नाही लिहिलंस.

ताई, तू शिक्षिका आहेस, मला तुझ्यासारखं मांडता येत नाही. पण एक विचारतो. भाऊबीजेला तू मला ओवाळतेस आणि मी ताटात टाकतो, ते तू कधी परत दिलंस का? ओवाळणी टाकली म्हणून बहिणीच्या ताटात भावाचा हिस्सा होतो का? इतक्या वर्षांत मी त्या ताटात काय टाकलं ते मला ठाऊक आहे. एक वर्ष टोमॅटो रस्त्यावर ओतून आलो होतो, तेव्हा ताटात फक्त शेवंतीचं फूल ठेवलं. उलट जाताना तेजलच्या झबल्याला म्हणून माझ्याच खिशात नोट कोंबलीस. ते माझ्या मनात राहिलं आहे.

तेव्हा हे पैसे उसने नाहीत आणि भागीही नाही. ओवाळणी आहे. जरा आगाऊ टाकली. घर तुझ्या एकटीचं, कागदावरही आणि माझ्या मनातही. कौल फुटलं तर तुझं फुटेल, मी फक्त शिडी धरायला येईन, तेही बोलावलंस तर.

आणि खरं सांगू? त्या दिवशी एवढ्यात ते घर गेलं असतं तर मला झोप आली नसती. सगळा जन्म माझा माल लोकांनी स्वस्तात नेला. माझ्या बहिणीचं घर मी स्वस्तात जाऊ द्यायचं?

सहीला कधी येतेस ते कळव. विटांचं म्हणशील तर नवसाबाईने त्यांचा गोठा बांधायला काढला आहे, त्यामुळे गच्चीवर तुला आता जागा नाही.

आशीर्वाद हवा आहे, सहीही हवी आहे.

मोतीराम


वकिलाचा मळा,
२४ ऑक्टोबर १९९९

चि. मोतीरामास अनेक आशीर्वाद.

तुझी ओवाळणी राहायला फार सुखाची आहे. पावसाळ्यात मागची कौलं गळली, ती चिमाजींच्या माणसांकडून बदलून घेतली. हो, तेच चिमाजी. मागची खोली खोक्यांसाठी भाड्याने मागायला आले होते. मी नाही म्हटलं आणि चहा दिला. तेव्हापासून चहालाच येतात, आणि येणाऱ्या प्रत्येकाला वासे सागाचे असल्याचं सांगतात. वटवाघळं गेली. एक राहिलं आहे, त्याच्याशी माझं जमलं आहे.

छाटणीची कामं सुरू झाली आणि सुरगाण्याची माणसं आली. पहिल्याच आठवड्यात माझी जुनी पोरं रस्त्यावरून जाताना थबकली, बाई इथे कशा म्हणून. आता संध्याकाळी पडवीत पंधरावीस जण बसतात. त्यांच्या आया काम सुटल्यावर न्यायला येतात आणि फाटकापाशीच उभ्या राहतात. मी पायरीपर्यंत जाऊन त्यांना म्हणते, या, बसा. पहिल्या दिवशी म्हटलं आणि चहाचं आधण ठेवायला आत पळाले.

आता कामाचं. इतकी वर्षं भाऊबीजेला मीच तुझ्याकडे आले, कारण तुला बोलवायला माझ्याकडे जागा नव्हती. खरी रीत भावाने बहिणीच्या घरी जाऊन जेवायची. यंदा तू यायचंस. जूनमध्ये सामान घेऊन आलास तो हमाल म्हणून, ते धरत नाही. नवसा आणि तेजलला घेऊन आदल्या दिवशी ये, मुक्कामाला. येताना भाजी आणायची नाही. पाहुण्याने स्वतःची भाजी घेऊन यायची पद्धत नाही.

सगळ्यांना आशीर्वाद. वाट बघायचा मान आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे आला आहे, तो पुरता मिळू दे.

विमलताई


मखमलाबाद,
२९ ऑक्टोबर १९९९

ती. ताईस शि. सा. न.

येतो. तिघंही येतो, आदल्या दिवशी, दुपारच्या गाडीने. भाजी आणणार नाही. गुलाब आणीन, ते भाजीत मोडत नाहीत. नवसाबाई काय नेसावं म्हणून आत्तापासून पेटी उघडून बसली आहे. मी म्हटलं ताईकडेच तर जायचं आहे. म्हणाली, ताईकडे नाही, ताईंच्या घरी जायचं आहे.

एक गोष्ट सांगायची आहे. जूनपासून तूच येऊन जाऊन असतेस, त्यामुळे तिकडे पत्र पाठवायची माझी ही पहिलीच वेळ. पाकिटावर पत्ता घालायला बसलो. तुझं नाव लिहिलं आणि हाताने त्याखाली आपोआप 'द्वारा' लिहिलं. बत्तीस वर्षं तेच लिहीत आलो ना. द्वारा घरमालक, द्वारा सरपंच, द्वारा मुख्याध्यापक, जिथे तुझी बदली होईल तिथल्या कुणाचं तरी नाव. आज 'द्वारा' लिहून थांबलो. पुढे कोणाचं नाव घालायचं ते सुचेना. तेजलने विचारलं, बाबा, रडता कशाला?

ते पाकीट फाडून टाकलं. दुसऱ्यावर तुझं नाव लिहिलं, आणि त्याच्याखाली सरळ घराचा पत्ता.

लोभ तिथेच राहू दे, आम्ही घ्यायला येतो आहोत.

तुझा पाहुणा,
मोतीराम